अमेरिकेतील गौरेतर शेतकरी : जमीन, कर्ज आणि वारसा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'फार्मर्स ऑफ कलर' या शब्दप्रयोगात नेमके कोण येतात?

युरोपीय वंशाचे गोरे सोडून अमेरिकेत शेती करणारे बाकी सारे लोक या शब्दप्रयोगात येतात. त्यांत आफ्रिकी वंशाचे कृष्णवर्णीय, तेथील मूलनिवासी, मेक्सिको व लॅटिन अमेरिकेतून आलेली कुटुंबे, तसेच जपानी, फिलिपिनो, आग्नेय आशियातील ह्मोंग आणि आपल्याकडून गेलेले पंजाबी यांचा समावेश होतो. शब्दशः मराठी केले तर 'रंगाचे शेतकरी' असे होईल आणि वाचकाला रंगपंचमी आठवेल, म्हणून येथे 'गौरेतर शेतकरी' असे म्हटले आहे. 'कलर्ड' हा जुना शब्द मात्र आज तेथे अपमानास्पद मानला जातो, त्यामुळे दोन्हींची गल्लत करू नये. पुढील बहुतेक उत्तरे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांविषयी आहेत, कारण जमीन कशी मिळाली आणि कशी गेली याची सर्वांत सविस्तर नोंद त्यांच्याच बाबतीत झाली आहे.

गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी शेतीचे ज्ञान सोबत नेले, असे म्हणतात. त्यात तथ्य किती?

पुष्कळच तथ्य आहे, आणि त्याचा सर्वांत स्पष्ट दाखला भाताच्या शेतीत मिळतो. अठराव्या शतकात दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया या प्रांतांतील मळेमालक भातावर गडगंज झाले. हे मालक ज्या इंग्लंडमधून आले होते तेथे भात पिकतच नव्हता. सेनेगल, गाम्बिया आणि सिएरा लिओनच्या किनारपट्टीवर मात्र लोक शतकानुशतके भात लावत होते. आफ्रिकेची स्वतःची भाताची जातही आहे. तेथून पकडून आणलेल्या माणसांना खाडीकाठची दलदल कशी बांधायची, भरतीच्या रेट्याने वर चढणारे नदीचे गोडे पाणी शेतात कसे घ्यायचे आणि ओहोटीला ते कसे सोडायचे, हे ठाऊक होते. पाण्याच्या या दाराला कॅरोलायनात 'ट्रंक' म्हणतात, कारण सुरुवातीला ते पोखरलेल्या ओंडक्याचे असे. गोव्यातील खाजणशेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बांध आणि मानस (पाण्याचे दार) यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही, मात्र तेथे मानशीतून खारे पाणी अडवायचे असते आणि येथे गोडे पाणी आत घ्यायचे असते.

मळणीनंतरचे कामही आफ्रिकी पद्धतीनेच होई. लाकडी उखळात मुसळाने भात कांडायचा आणि मग पसरट, गोल टोपलीत घेऊन पाखडायचा. ही टोपली आपल्या सुपाचेच काम करते. फरक इतकाच की सुपाला एक बाजू उघडी असते आणि ही चारी बाजूंनी उथळ काठाची असते. गवताची जुडी गोल गोल वळवत आणि एक वेढा दुसऱ्याला टाचत ती विणली जाते. दक्षिण कॅरोलायना व जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील गल्ला-गीची या गुलामांच्या वंशजांच्या समाजातील स्त्रिया आजही ती विणतात आणि चार्ल्सटनच्या बाजारात विकतात. पर्यटक ती शोभेची वस्तू म्हणून विकत घेतात, पण तिचा घेर आणि काठाची उंची पाखडण्याच्या हिशेबाने ठरलेली आहे.

याखेरीज कोणती पिके आफ्रिकेतून गेली?

भेंडी, चवळी, कलिंगड, ज्वारी आणि तीळ ही त्यांतील ठळक नावे आहेत. मराठी स्वयंपाकघरात यांपैकी एकही परके नाही, आणि यांतील बरीचशी पिके आपल्याकडेही फार पूर्वी आफ्रिकेतूनच आली आहेत. दक्षिण कॅरोलायनात तिळाला आजही 'बेने' असे पश्चिम आफ्रिकी नाव आहे आणि तिळाच्या पातळ गोड चकत्या तेथे 'बेने वेफर' म्हणून मिळतात. 'गंबो' या प्रसिद्ध कालवणाचे नावही भेंडीच्या आफ्रिकी नावावरूनच आलेले आहे. भुईमुगाचा प्रवास जरा वाकडा आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेत गेला आणि तेथून गुलामांच्या जहाजांतून उत्तर अमेरिकेत पोहोचला.

'चाळीस एकर आणि एक खेचर' ही काय भानगड आहे?

यादवी युद्ध संपत आले असता, १२ जानेवारी १८६५ रोजी, सेनापती विल्यम शर्मन यांनी जॉर्जियातील सव्हाना येथे वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांची बैठक घेतली. त्यांचे म्हणणे गॅरिसन फ्रेझियर या ६७ वर्षांच्या उपदेशकाने मांडले. आम्हाला जमीन द्या, ती आम्ही आमच्या कष्टाने कसू आणि आमचे आम्ही पाहून घेऊ, असा त्याचा आशय होता. चारच दिवसांनी शर्मन यांनी विशेष आदेश क्रमांक १५ काढला. चार्ल्सटनपासून फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीपर्यंतची किनारपट्टी मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखण्यात आली आणि प्रत्येकी ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचे ठरले. खेचराचा उल्लेख आदेशात नव्हता. सैन्याने नंतर काही जनावरे वापरायला दिली आणि म्हण तयार झाली.

सुमारे चार लाख एकरांचा हा पट्टा होता. हजारो कुटुंबे तेथे वसली आणि त्यांनी पेरणीही केली. एप्रिलमध्ये अध्यक्ष लिंकन यांची हत्या झाली, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले, आणि त्यांनी बंडखोर मळेमालकांना माफी देऊन त्याच वर्षी जमिनी परत देण्यास सुरुवात केली. म्हणजे उभ्या पिकातून उठवलेले लोक जुन्याच मालकाच्या दारात मजुरीला उभे राहिले. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. तोवर त्या किनाऱ्यावरची बहुतेक जमीन परत जाऊन सहा-सात वर्षे उलटली होती.

मग त्यांनी शेती केली कशी?

बहुतेकांनी बटाईने केली. जमीन मालकाची, बियाणे आणि अवजारेही पुष्कळदा त्याचीच, कष्ट कुळाचे आणि पीक निम्मेनिम्म. ऐकायला व्यवहार सरळ वाटतो. परंतु हंगामभर मीठ-पीठ, कापड, खत हे सारे मालकाच्याच दुकानातून उधारीवर घ्यावे लागे, आणि डिसेंबरमध्ये कापूस विकल्यावर वहीत किती बाकी निघाली हे मालकच सांगत असे. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुळाला ती वही तपासण्याचा मार्ग नव्हता, आणि येत असले तरी हिशेब विचारणे जिवावर बेतू शकत असे. १९१९ च्या सप्टेंबरअखेरीस आर्कान्सा राज्यातील इलेन गावाजवळ कापसाच्या योग्य भावासाठी संघटना बांधणाऱ्या बटाईदारांच्या सभेवर गोळीबाराने सुरुवात झाली आणि पुढील काही दिवसांत मोठे हत्याकांड झाले.

तरीही अनेकांनी एकेक एकर करून जमीन विकत घेतली, आणि ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९१० च्या सुमारास कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या मालकीची जमीन सुमारे दीड कोटी एकर होती. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम ४५ वर्षे झाली होती.

कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे योगदान मराठी वाचकांना माहीत आहेच. त्यात आणखी काय सांगण्यासारखे आहे?

आपल्याकडे कार्व्हर म्हटले की शेंगदाण्यापासून केलेल्या असंख्य पदार्थांची यादीच पुढे येते. वस्तुतः त्यांचे खरे काम बेवडाचे, म्हणजे पिकांच्या फेरपालटाचे होते. वर्षानुवर्षे कापसावर कापूस घेऊन अलाबामाची जमीन खंगली होती. १८९६ मध्ये तेथील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत आल्यावर कार्व्हर यांनी भुईमूग, चवळी अशा शेंगवर्गीय पिकांवर आणि रताळ्यांवर भर दिला, कारण शेंगवर्गीय पिके जमिनीत नत्र साठवतात आणि रासायनिक खत विकत घेण्याची ऐपत बटाईदाराकडे नव्हती. पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून खत करा, असे ते सांगत. इतका भुईमूग पिकल्यावर करायचे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९१६ ची ती १०५ पाककृतींची पुस्तिका आली.

याच संस्थेने १९०६ मध्ये एक घोडागाडी काढली. तिच्यात अवजारे, बियाणे आणि लोणी काढण्याची साधने भरून ती थेट शेतकऱ्याच्या बांधावर नेली जाई. टॉमस कॅम्पबेल हे तिचे चालक-शिक्षक झाले आणि कृषी खात्याचे पहिले कृष्णवर्णीय विस्तार अधिकारीही तेच ठरले. पुढे त्याच टस्कीगीत प्राध्यापक असलेल्या बुकर टी. व्हॉटली यांनी लहान शेतकऱ्यांना असा सल्ला दिला की, ग्राहकांना हंगामापूर्वीच वर्गणीदार करून घ्या आणि त्यांनाच शेतात येऊन फळे-भाजी तोडू द्या. आज पुण्या-मुंबईजवळ 'शेतातून थेट घरात' म्हणून चालणाऱ्या वर्गणीच्या योजनांशी या कल्पनेचे नाते सहज ओळखू येते.

किती शेतकरी होते आणि किती राहिले?

१९२० च्या गणनेत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची संख्या सव्वानऊ लाखांहून अधिक होती, म्हणजे देशातील दर सात शेतांपैकी एक त्यांच्या हाती होते. मात्र त्यांतील चारांत तीन जण कुळे किंवा बटाईदार होते. २०१७ च्या गणनेत कृष्णवर्णीय उत्पादक असलेली शेते सुमारे ३५ हजार आणि त्यांच्याखालील जमीन सुमारे ४७ लाख एकर भरली. या काळात अमेरिकेतील एकूण शेतांची संख्याही ६४ लाखांवरून २० लाखांवर आली, हे खरे आहे, आणि यंत्रे आली, कापसावर बोंडअळीसारखे भुंगेरे पडले, लाखो लोक शिकागो-डेट्रॉइटकडे निघून गेले, ही कारणेही खोटी नाहीत. परंतु एकूण शेते एकतृतीयांश उरत असताना कृष्णवर्णीयांची पंचविसांत एक उरावी, एवढा फरक यंत्रांनी पडत नाही. तो समजण्यासाठी पुढील दोन उत्तरे वाचावीत.

वारसांची जमीन लिलावात जाते म्हणजे काय होते?

ज्यांच्या घरचा सातबारा पाच पिढ्यांच्या नावांनी भरलेला आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांपैकी पुष्कळांनी मृत्युपत्र केले नाही. वकील परवडत नसे आणि गोऱ्यांच्या न्यायालयावर विश्वासही नसे. त्यामुळे पणजोबाच्या नावची जमीन सर्व वारसांची सामाईक होत गेली. आपल्याकडे निदान तलाठ्याकडे वारसनोंद होते; तेथे खरेदीखत पणजोबाच्याच नावे राहते आणि वारस शिकागो, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस असे पांगतात.

आता एखादा जमीनविकासक त्यांतील एका लांबच्या नातवाला गाठतो. त्या नातवाने ती जमीन कधी पाहिलेलीही नसते. थोडे पैसे देऊन विकासक त्याचा हिस्सा, समजा चाळिसावा, विकत घेतो आणि सहमालक म्हणून न्यायालयात वाटणी मागतो. चाळीस तुकडे करणे व्यवहार्य नाही, असे म्हणून न्यायालय सगळी जमीन विकून पैसे वाटून देण्याचा आदेश देते. न्यायालयाच्या पायरीवर रोख रकमेचा लिलाव होतो, त्या दिवशी रोख पैसे बहुधा एकाचकडे असतात आणि जमीन मिळेल त्या भावात जाते. ज्या कुटुंबाने ती शंभर वर्षे कसली आणि तिचा करही भरला, त्याला आपल्या हिश्श्याचा धनादेश मिळतो. यात बेकायदा काहीही नसते, आणि माझ्या मते हीच त्यातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे.

२०१० मध्ये यासाठी एक नमुना कायदा तयार झाला. त्याच्या मसुद्यामागे टॉमस मिचेल या कायद्याच्या प्राध्यापकांचे मोठे काम आहे. वाटणी मागणाऱ्याचा हिस्सा आधी इतर वारसांना विकत घेण्याची संधी द्यावी, जमिनीचे स्वतंत्र मूल्यांकन करावे, घराण्याचे जमिनीशी असलेले नाते विचारात घ्यावे आणि विकावीच लागली तर खुल्या बाजारात विकावी, अशा त्यातील तरतुदी आहेत. वीसहून अधिक राज्यांनी तो स्वीकारला आहे.

कृषी खात्याविरुद्धचा पिगफर्ड खटला कशाबद्दल होता?

पीककर्जाबद्दल होता. अमेरिकेत ज्यांना बँक दारात उभे करत नाही त्यांना केंद्रीय कृषी खाते कर्ज देते, परंतु ते कोणाला द्यायचे हे दीर्घकाळ जिल्ह्यातील निवडून आलेल्या शेतकरी समित्या ठरवत, आणि दक्षिणेत या समित्यांवर जवळजवळ सारे गोरेच असत. नकार नेहमी तोंडावर मिळत नसे. अर्ज संपले आहेत, साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या, असे होता होता पेरणी निघून जाई. मार्चमध्ये मागितलेले कर्ज जुलैत मंजूर झाले तर त्याचे करायचे काय, हे कोणत्याही जिरायती शेतकऱ्याला विचारावे. कित्येकांचे कर्ज 'देखरेखीखालील खात्यात' जमा होई, म्हणजे स्वतःच्या पैशाचा धनादेश काढायलाही स्थानिक अधिकाऱ्याची सही लागे. तक्रार करावी तर खात्याचा नागरी हक्क विभागच १९८३ मध्ये मोडीत काढण्यात आला होता.

उत्तर कॅरोलायनातील टिमोथी पिगफर्ड आणि इतरांनी १९९७ मध्ये खटला भरला. जुन्या तक्रारी मुदतबाह्य ठरत होत्या, म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९९८ मध्ये खास कायदा करून मुदत वाढवली. १९९९ मध्ये न्यायाधीश पॉल फ्रीडमन यांनी तडजोड मंजूर केली आणि आपल्या निकालपत्राची सुरुवात त्याच चाळीस एकरांच्या आश्वासनापासून केली. साध्या मार्गाने दावा करणाऱ्यास ५०,००० डॉलर आणि कृषी खात्याच्या संबंधित कर्जातून सुटका मिळणार होती. अट मात्र अशी होती की, आपल्यासारख्याच परिस्थितीतील एखाद्या गोऱ्या शेतकऱ्याला चांगली वागणूक मिळाली हे नावानिशी दाखवावे. शेजाऱ्याच्या कर्जाची फाइल खात्याच्या कपाटात, आणि पुरावा शेतकऱ्याने आणायचा. तरीही पंधरा हजारांहून अधिक दावे मान्य झाले. ज्यांना खबरच उशिरा लागली अशांची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती. त्यांच्यासाठी २०१० मध्ये १२५ कोटी डॉलरची दुसरी तडजोड झाली. मूलनिवासी शेतकऱ्यांच्या अशाच खटल्यात त्याच वर्षी ७६ कोटी डॉलरवर समझोता झाला.

त्यानंतर प्रश्न सुटला का?

नाही. २०२१ मध्ये काँग्रेसने गौरेतर शेतकऱ्यांच्या कर्जफेडीसाठी सुमारे ४०० कोटी डॉलरची तरतूद केली. वंशावर आधारित मदत म्हणजे भेदभाव, असे म्हणत गोऱ्या शेतकऱ्यांनी दावे लावले, न्यायालयांनी पैसे थांबवले आणि २०२२ मध्ये ती तरतूद रद्द झाली. तिच्या जागी 'पूर्वी कर्जात भेदभाव सोसलेल्या' कोणाही शेतकऱ्यासाठी २२० कोटी डॉलर ठेवण्यात आले आणि जुलै २०२४ मध्ये ४३ हजारांहून अधिक जणांना रक्कम मिळाली. जुलै २०२५ मध्ये कृषी खात्याने वंश व लिंग या निकषांवर 'सामाजिकदृष्ट्या वंचित' शेतकरी ठरवणे बंद केल्याचे जाहीर केले.

मूलनिवासी आणि आशियाई शेतकऱ्यांचे अनुभव वेगळे होते का?

साधने वेगळी होती, परिणाम सारखाच झाला. मूलनिवासींच्या शेतीत मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावण्याची जुनी पद्धत आहे. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पाने तण आणि ऊन अडवतात. ॲरिझोनातील होपी लोक तर अत्यल्प पावसात, ओल लागेपर्यंत वीतभर ते हातभर खोल खड्डा करून मका टोबतात. १८८७ च्या डॉज कायद्याने त्यांच्या सामाईक जमिनींचे माणशी तुकडे पाडले आणि 'उरलेली' जमीन बाहेरच्यांना खुली केली. १९३४ पर्यंत १३ कोटी ८० लाख एकरांपैकी ४ कोटी ८० लाख एकर उरले.

कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये नागरिकत्वास अपात्र परदेशीयांना शेतजमीन घेण्यास बंदी केली. रोख जपान्यांवर होता. त्यांनी जमिनी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे केल्या, पण १९४२ मध्ये सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांना छावण्यांत डांबल्यावर कित्येकांची शेते हातची गेली. १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे 'गोरे' नाहीत असा निर्णय दिल्यानंतर तोच कायदा इम्पीरियल व्हॅली आणि युबा सिटीच्या पंजाबी शेतकऱ्यांनाही लागू झाला. १९४६ मध्ये नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला, आणि इम्पीरियल व्हॅलीत शेती केलेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले.

या इतिहासात कोणी मराठी माणूस आहे का?

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव घ्यावे लागेल. वर्ध्याचे खानखोजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतीशास्त्र शिकले, तेथील पंजाबी मजुरांबरोबर गदर चळवळीत उतरले आणि पुढे १९२४ मध्ये मेक्सिकोत जाऊन चापिंगोच्या कृषिशाळेत शिकवू लागले. मक्यावरचे संशोधन आणि खेड्यांतील गरीब शेतकऱ्यांसाठी काढलेल्या मोफत शेतीशाळा ही त्यांची तेथील मुख्य कामे होत. दिएगो रिव्हेरा यांच्या भित्तिचित्रात त्यांची छबी आहे. १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.

सहकाराच्या मार्गाने जमीन राखण्याचे प्रयत्न झाले का?

झाले, आणि त्यांतील एकाचा धागा पवनारपर्यंत येतो. मिसिसिपीतील मतदानहक्काच्या लढवय्या फॅनी लू हेमर यांनी १९६९ मध्ये ४० एकरांवर सहकारी शेती सुरू केली. तिच्या जोडीला डुकरांची 'बँक' होती. कुटुंबाला गाभण मादी द्यायची आणि त्याने पुढे काही पिल्ले बँकेत परत करायची, म्हणजे ती दुसऱ्या घरी जातील.

त्याच वर्षी जॉर्जियात चार्ल्स आणि शर्ली शेरॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू कम्युनिटीज' उभी केली. जमीन विश्वस्त संस्थेच्या मालकीची, कसण्याचा हक्क कुटुंबांचा, आणि विकण्याचा अधिकार कोणालाच नाही, अशी तिची रचना होती. या कल्पनेमागच्या मंडळींसमोर विनोबांच्या ग्रामदानाचा नमुना होता. जवळजवळ सहा हजार एकरांची ही वसाहत त्या वेळी देशातील कृष्णवर्णीयांच्या हातची सर्वांत मोठी सलग जमीन मानली जाई. दुष्काळात कृषी खात्याच्या कर्जाला वर्षांमागून वर्षे विलंब झाला आणि १९८५ मध्ये सारी जमीन जप्तीत गेली. विकत घेणाऱ्याने घरे आणि कोठारे पाडून खड्ड्यात पुरली, असे शर्ली शेरॉड सांगतात.

पिगफर्ड तडजोडीखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १.२ कोटी डॉलर मिळाले. त्यांतून २०११ मध्ये ऑल्बनीजवळ १,६३८ एकरांचा एक मळा घेतला गेला. जॉर्जियातील सर्वांत मोठ्या गुलाममालकांपैकी एकाचा हा मळा आणि त्याचा पांढऱ्या खांबांचा वाडा. आज तेथे पिकॅन या सुक्या मेव्याची बाग आहे आणि वाड्यात शेतकऱ्यांचे प्रशिक्षणवर्ग भरतात.